नदीने ठेवलेली ठेव



या अंकासाठी खोडव्याच्या खतमात्रेवर लिहावे असे संपादक मंडळाने आम्हाला सुचविले होते. तो विषय महत्त्वाचा आहेच, पुढील अंकात तो आम्ही घेऊ. पण मध्यंतरी चार दिवसांची रजा काढून आम्ही आजोळी, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात खर्डी येथे, जाऊन आलो. तिथे जे पाहिले ते डोक्यातून जाईना. परत हजर झालो त्याच दिवशी गट ऑफिसला नदीकाठच्या एका सभासदाचा अर्ज हातात पडला. खर्डीला पाहिलेले आणि अर्जात लिहिलेले, दोन्हींचा विषय एकच होता : माती. म्हणून खत थोडे बाजूला ठेवून, ज्या मातीत आपण ते खत टाकतो तिच्याबद्दल यावेळी लिहितो. सभासदांनी गोड मानून घ्यावे.

खर्डीला काय पाहिले

खर्डी म्हणजे मुंबईहून नाशिककडे येताना कसाऱ्याच्या थोडे अलीकडचे स्टेशन. आपल्यापैकी पुष्कळांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला भातसा आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रेल्वे हजार फुटांच्या आसपास चढते. हा चढ आहे म्हणूनच तिकडे पाऊस कोसळतो आणि आपल्याकडे शिंपडतो. ढग भिंतीला अडतात, तिथेच रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत नुसती सावली येते.

मामांची शेती ती केवढी? पंचवीस-तीस गुंठे भातखाचरे आणि वर उतारावर थोडी वरकस. रात्रभर पावसाने झोडपले. सकाळी उठून पाहतो तो ओढ्याला तांबडे-काळे पाणी, आणि वरच्या अंगाच्या खाचराचा बांध दोन हात फुटलेला. मामांचे वय सत्तरीच्या पुढे. चहासुद्धा न घेता फावडे-घमेले घेऊन निघाले. मागोमाग मामी, मामेभाऊ, सूनबाई. दगड लावले, निरगुडीच्या फांद्या आडव्या टाकल्या, वर चिखल थापला. तासा-दीड तासात बांध पुन्हा उभा. आम्ही म्हटले, "मामा, जरा उघडीप पडू द्या की. पळून जातंय का खाचर?"

मामा म्हणाले, "पाणी उद्या परत येईल रे. माती गेली, तर ती परत यायची नाही."

कृषी पदविका घेऊन आम्हाला पंचवीस वर्षे होत आली. भूमापन शिकलो, मृद्-संधारणाचा पेपर दिला, त्यात गुणही बरे मिळाले. पण तो सबंध पेपर मामांनी एका वाक्यात सांगितला. त्या मुलखात पायरीपायरीने उतरत गेलेली खाचरे आहेत ना, त्यातले प्रत्येक खाचर म्हणजे एक छोटे धरण आहे. वरून आलेले गढूळ पाणी त्यात थांबते, गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी पुढच्या खाचरात उतरते. पाऊस तीन हात बडवतो, तरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात पिकतो आहे, तो या बांधांच्या जिवावर.

तोडणी, वाहतूक आणि उतराई

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे : नदीची कामे तीन. खनन, वहन आणि संचयन. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. खरे म्हणजे हे आपल्याइतके कोणाला समजू नये, कारण आपला सबंध गळीत हंगाम याच तीन कामांवर चालतो. फडात तोडणी, रस्त्यावर वाहतूक आणि गव्हाणीपाशी उतराई. नदीही तेच करते. फरक एवढाच की तिचा हंगाम पावसाळ्यात असतो आणि तिला टोळीची उचल द्यावी लागत नाही.

पहिली तोडणी. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचे थर. एक थर कठीण कातळाचा, एक थर ठिसूळ. नदी आधी ठिसूळ थर पोखरते. मग वरच्या कातळाचा आधार जातो आणि तो तुटून खाली येतो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. पाण्याबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात सापडले की तेच छिन्नीचे काम करतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको. ही कुकडी उगम पावते नाणेघाटाजवळ. त्याच घाटाच्या पलीकडच्या अंगाला मुरबाड तालुका लागतो आणि तिकडचे पाणी काळू-उल्हास नद्यांना मिळून वसईच्या खाडीत जाते.

पश्चिमेकडे उतार उभा, पाऊस अफाट आणि समुद्र जवळ. म्हणून तिकडच्या नद्या भिंतीला जोरात खातात. एके काळी ही भिंत आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेला होती आणि झिजत झिजत मागे सरकली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. रतनगडाजवळची सांधण दरी पाहिली की हे पटते. डोंगराला उभी चीर पडलेली, आणि तिचे तोंड शहापूरच्या बाजूला.

दुसरी वाहतूक. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन दुप्पट होत नाही, चौपटही नाही. ते चौसष्ट पट होते. उन्हाळ्यात जी नदी वाळूचा कण हलवत नाही, तीच पुरात धोंडे लोळवत नेते ती यामुळे. आणि आपल्या शेतातील सरी उताराच्या दिशेने सरळ सोडली तर ती एवढीशी सरीही त्याच नियमाने वागते. पाणी लहान-मोठे पाहत नाही, उतार पाहते.

तिसरी उतराई. उतार कमी झाला की नदीचा दम कमी होतो आणि ती ओझे टाकू लागते. आधी जड माल, मग हलका. डोंगराच्या पायथ्याला धोंडे, पुढे गोटे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी, संथ पाण्यात, पोयटा. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंद असते, तिथे मळी साठते. बाहेरच्या अंगाला पाणी आपटते, तिथे दरड ढासळते. मळी म्हणजे आपल्या कारखान्यातील मळी नव्हे, नदीकाठची मळी. पण पैसा दोन्हींतून होतो, हे खरे.

एकाच भिंतीच्या दोन बाजू

खर्डीचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध शेजाऱ्याचा आहे. आपली प्रवरा रतनगडाला उगम पावते. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब शहापूर तालुक्यात उतरतो. घाटघरला राज्य शासनाचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. त्याचे वरचे धरण प्रवरेच्या खोऱ्यात, अकोले तालुक्यात. आणि खालचे धरण शहापूर तालुक्यात, चोंढे येथे. मध्ये नुसता कडा. विजेची गरज असते तेव्हा पाणी खाली सोडतात, इतर वेळी पुन्हा वर चढवतात. म्हणजे आपली नदी आणि मामांचा मुलूख यांच्यामध्ये भिंतीची जाडी तेवढी आहे.

पण दोन्हीकडच्या पाण्याचे नशीब निराळे. पश्चिमेचे पाणी एक-दोन दिवसांत समुद्राला मिळते. वाटेत जे अडते ते मुंबईला जाते. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि सर्वांत मोठा वाटा भातसाचा. धरणाच्या शेजारच्या पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण तिकडे रोज जगावी लागते.

पूर्वेचे पाणी लांबच्या प्रवासाला निघते. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ती पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. प्रवरा तिला नेवाशाजवळ प्रवरासंगमाला मिळते. हा प्रवास लांब आणि उतार मंद, म्हणून या नद्यांना वाटेत ओझे टाकत जावे लागले. रंधा धबधब्यावरून उडी घेणारी प्रवरा अकोले-संगमनेर ओलांडून पुढे येते ती दमलेली असते. तिथे तिने जे टाकले, तेच आपले शिवार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपली सगळीच काळी माती नदीने आणलेली नाही. पुष्कळशी जागच्या जागी कातळ कुजून, मुरमातून तयार झाली आहे. पण काठालगतची जी खोल जमीन आहे, जिथे विहीर खणताना कित्येक पुरुष नुसती पिवळसर माती, मध्ये वाळूचा पट्टा, पुन्हा माती, असे थर लागतात, ती नदीची देणगी. प्रवरेकाठच्या उंच दरडी पाहिल्या तर हे थर वहीच्या पानांसारखे मोजता येतात. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. तिथल्या नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. संगमनेरजवळचे जोर्वे आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद ही तर तीन-साडेतीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची गावे. दायमाबादला १९७४ साली काशाचा रथ आणि जनावरे सापडली हे सर्वांना ठाऊक आहे. ती माणसे इथे का राहिली? कालवा नव्हता, कारखाना नव्हता, सोसायटीचे कर्ज नव्हते. ती राहिली नदीच्या मातीसाठी.

पुस्तकातील संचयन या शब्दाचा अर्थच साठवण. सहकारातल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. नदीने हजारो वर्षे थोडे थोडे करून आपल्या नावावर जी ठेव ठेवली, तिच्या व्याजावर आपण ऊस काढतो. प्रश्न असा आहे की आपण व्याज खातो की मुद्दल?

तो अर्ज

आता अर्जाकडे येतो. अर्ज कोणाचा हे लिहिणे योग्य नाही. सभासद जुने, कष्टाळू, एकरी उतारा चांगला. नदीला पाणी सुटल्यावर त्यांच्या काठच्या पाच सऱ्या उसासकट नदीत गेल्या. नुकसानीची नोंद घ्यावी आणि कारखान्याने काही मदत करावी, असा अर्ज. आम्ही स्लिपबॉयला बरोबर घेऊन पाहणीला गेलो. दरड ताजी कापलेली, उसाची मुळे हवेत लोंबत होती. सभासदांचा चेहरा पाहवत नव्हता.

त्यांना विचारले, "इथं पूर्वी करंजाची झाडं होती ना? आणि बाभळी?"

"होती साहेब. सावली पडत होती. जेसीबी आला होता घळी सपाट करायला, त्याच वेळी काढून टाकली. दोन सऱ्या जास्त बसल्या."

बंधूंनो, आम्ही त्यांना दोष दिला नाही. कारण ऑफिसला येऊन लागण नोंदीचे जुने रजिस्टर काढले, तर त्या वाढीव क्षेत्राच्या नोंदीवर सही आमचीच. शेतावर जाऊन, काठ पाहून, टेप लावून आम्हीच ती नोंद घेतली होती. गटाचे क्षेत्र वाढले म्हणून समाधानही वाटले होते. आमच्या खात्याने उसाचे क्षेत्र मोजले, उसाखालची जमीन कशावर उभी आहे ते पाहिले नाही. ही चूक आधी आमची आहे. ती इथे छापून कबूल करतो, कारण ती एका शेतापुरती नाही. काठाने पाच-सात मैल चालून पाहिले तर असे कितीतरी प्लॉट दिसतात. झाड तोडलेले, घळी बुजवून सपाटी केलेली आणि ऊस थेट दरडीच्या ओठावर.

घळ ही वाया गेलेली जागा दिसते, पण ती पाण्याने स्वतःसाठी काढलेली वाट असते. ती बुजवली म्हणून पाणी यायचे थांबत नाही. ते वरच्या शेतात तुंबते आणि एका पावसात नवी वाट काढते. नवी वाट काढताना ते कोणाचा गट नंबर विचारत नाही.

ज्या मालाला वजनकाटा नाही

आपल्या सभासदांचे काट्यावर बारीक लक्ष असते, आणि ते असलेच पाहिजे. गाडीमागे पाच-दहा किलोचा फरक वाटला तरी लोक फेरवजन मागतात. पण शेतातून जो माल दरवर्षी फुकट जातो त्याला काटाच नाही. डेहराडूनच्या मृद्-जलसंधारण संशोधन संस्थेतील ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली सबंध देशाचा एक अंदाज मांडला. वर्षाला सरासरी हेक्टरी १६.३५ टन माती जागा सोडते. त्यातील सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साठते आणि बाकीची इकडची तिकडे होते. हा देशाचा सरासरी आकडा आहे, आपल्या शिवाराचे मोजमाप नव्हे. सपाट, बांधबंदिस्ती केलेल्या शेतात तो कमी असेल, उताराच्या उघड्या रानात जास्त.

तरी तो एकरावर आणून पाहा. साडेसहा टनांच्या आसपास येतो. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस धरला तर एकरी तीन गाड्या. तीन गाड्या ऊस बांधावरून कोणी चोरून नेला तर सबंध गाव गोळा होईल. तीन गाड्या माती जाते तेव्हा आपल्याला पत्ता लागत नाही, कारण एकरभर पसरली तर तिची जाडी रुपयाच्या नाण्याएवढीही भरत नाही. शिवाय पाणी निवडून नेते. खडा-मुरूम ठेवते आणि बारीक, सेंद्रिय, खताने भरलेला कण उचलते. आपण सोसायटीतून उचल घेऊन टाकलेले खत त्याच कणाला चिकटलेले असते. आणि एक इंच माती निसर्गात तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

ही माती जाते कुठे? आपल्या खाली नाथसागर आहे, १९७६ साली पुरा झालेला. त्याच्या १०२ टीएमसी साठ्यात २६ टीएमसी मृतसाठा आहे. धरणात मृतसाठा ठेवतात त्याचे एक कारण गाळ हेच असते. गाळ जिवंत साठ्यातही शिरतो आणि तेवढे पाणी कमी मावते. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले. तेव्हापासून वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा विषय निघाला की आपल्याकडे मोर्चे निघतात, रस्ते अडतात. त्या वादात इथे शिरत नाही. एवढेच विचारतो : पाण्यासाठी आपण एवढे भांडतो, मग माती न मागता, न मोजता का सोडतो?

पुढे आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीचा त्रिभुज प्रदेश आहे. तिथली भाताची कोठारे याच गाळावर उभी राहिली. आता वाटेतल्या धरणांत गाळ अडतो, म्हणून समुद्राकाठी तो पूर्वीइतका पोहोचत नाही आणि तिथला किनारा काही भागात मागे हटतो आहे. म्हणजे आपल्या शेताला माती हवी आहे, तिथल्या किनाऱ्याला माती हवी आहे. आणि ती बसली आहे धरणाच्या पोटात, जिथे ती कोणालाच नको आहे.

वाळूबद्दल चार शब्द

हा विषय नाजूक आहे हे आम्ही जाणतो. पण लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. नदीने टाकलेली वाळू ही फुकट पडलेली वस्तू नव्हे. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट. तिच्या कणांमधल्या पोकळीत सात-आठशे लिटर पाणी मावते. म्हणजे वाळूची एक ब्रास गेली की काठच्या विहिरींची तेवढी टाकी गेली. पात्र खरवडून खडक उघडा पडला की पावसाळ्याचे पाणी थांबत नाही. पात्र खोल झाले की दोन्ही काठांच्या दरडी उंच आणि उभ्या होतात आणि मग पहिल्या पुरात ढासळतात. वर सांगितलेल्या अर्जातील पाच सऱ्यांमागे झाडे तोडणे हे जसे कारण, तसे समोरच्या पात्रातील खड्डे हेही कारण असले पाहिजे, असे आमचे मत आहे.

२०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी घेतलीच पाहिजे. कायदा आहे. पण रात्री ट्रॅक्टर कोणाच्या बांधावरून नदीत उतरतो? आपल्याच बांधावरून. वाट आपण देतो. वाटेचे जे काही मिळत असेल, ते उद्याच्या विहिरीच्या पाण्यातून वजा होते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता काय करावे

नुसती तक्रार लिहून खाली बसणे बरे नाही. शेतकी खात्याच्या अनुभवातून काही सूचना करतो.

पहिली सूचना, काठ सोडावा. दरडीच्या कडेपासून निदान चार मीटर, म्हणजे आठ-नऊ हात, ऊस लावू नये. तिथे वाळा, बांबू, करंज लावावा, मध्ये वैरणीचे गवत घ्यावे. वाळ्याची मुळे खोल जातात आणि दरड धरून ठेवतात. यावर सभासद म्हणतील, जागा वाया जाते. हिशेब करू. शंभर मीटर काठ असेल तर चार मीटरच्या पट्ट्याचे चार गुंठे होतात. एकरी चाळीस टन धरले तर चार टन ऊस. त्या बदल्यात वैरण आणि बांबू मिळतो, म्हणजे सगळे जात नाही. उलट दरड तीन मीटर ढासळली तर तीन गुंठे कायमचे जातात. ते सातबाऱ्यावर राहतात आणि नदीत वाहतात.

दुसरी सूचना, सरी उताराला आडवी काढावी आणि जादा पाणी बाहेर पडण्याच्या जागी दगडी सांडवा करावा. आडसाली लागणीला याचे महत्त्व जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये रान नांगरून भुसभुशीत केलेले असते, पीक अजून वर आलेले नसते, आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस येतो. उघड्या जमिनीवर पडलेला प्रत्येक थेंब कुदळीसारखा बसतो. ऊस दाटला की पाने तो झेलतात. धोका पहिल्या दोन-तीन महिन्यांचा आहे.

तिसरी सूचना, पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ऊस तुटला की संध्याकाळी काडी लावायची, ही सवय मोडली पाहिजे. पाचट आड सरीत राहिले तर पावसाचा मार ते सोसते, पाणी मुरवते आणि पुढे कुजून मातीतच जाते. मामा फांद्या आडव्या टाकतात, आपल्याकडे तर पाचट आयते पडलेले असते.

चौथी सूचना, गेलेली माती जमेल तेवढी परत आणावी. २०१७ साली राज्य शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. पाझर तलाव, लहान बंधारे यांतला गाळ उन्हाळ्यात काढून हलक्या रानात टाकता येतो. मात्र टाकण्याआधी त्याची तपासणी जरूर करावी. भारी, निचरा नसलेल्या जमिनीत आणखी चिकट गाळ टाकून पाणथळ वाढवण्यात अर्थ नाही.

पाचवी सूचना आमच्याच खात्याला. दरडीपासून चार मीटरच्या आतील लागणीची नोंद कारखान्याने घेऊ नये, आणि त्या पट्ट्यात वाळा-बांबू लावणाऱ्या सभासदाला रोपे उधारीवर द्यावीत, असा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवत आहोत. यामुळे गटाचे नोंद क्षेत्र थोडे घटेल. आमच्यावर त्याबद्दल टीका होईल, ती आम्ही सोसू. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाल्यास सभासदांनी, विशेषतः काठच्या सभासदांनी, मोकळेपणाने बोलावे. विरोध असेल तर तोही सांगावा. चार मीटर जास्त वाटत असतील तर किती सोडायचे ते तुम्हीच सांगा. पण शून्य मीटर असे उत्तर कृपा करून देऊ नका. ते उत्तर नदीने मान्य केलेले नाही, हे त्या पाच सऱ्यांनी दाखविले आहे.

अर्जदार सभासदांना आम्ही भेटून सांगितले की ऊस गेला त्याची नोंद घेतो, वर कळवतो. पण जमीन आम्हाला परत देता येणार नाही. ते थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "समोरच्या वळणावर मळी पडलीया बघा. माझीच असंल." असेलही. नदी एकाची तोडते आणि दुसऱ्याच्या दारात उतरवते, तिच्या मस्टरला नाव नसते. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी वाळ्याची रोपे कुठे मिळतात ते विचारायला मुलाला गट ऑफिसला पाठविले. हे आम्हाला फार बरे वाटले.

खोडव्याच्या खतमात्रेचा लेख पुढील अंकात नक्की देऊ. तोवर पाऊस पडत असताना एकदा छत्री घेऊन आपल्या शेताच्या खालच्या बांधावर उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग पाहा. नितळ असेल तर आनंद आहे. गढूळ असेल तर फावडे घेऊन या. उघडीप पडायची वाट पाहू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेतकी खाते)